रेघ जमिनीला टेकेपर्यंत

११ फेब्रुवारी

निघताना ताईने ही वही पिशवीत कोंबली. म्हणाली, "तुझी टकळी ऐकायला तिकडे कोण बसलंय? लिहून काढत जा, म्हणजे लोकांची डोकी वाचतील." तर लिहितो. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर म्हणजे मुंगळे शाईत बुडवून सोडल्यासारखं.

पाण्याचं काम आहे एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं बोअर मारायची असेल. तसं नाही. शहराच्या कडेला एक बंद पेट्रोल पंप आहे. त्याची जमिनीतली टाकी गंजली, भोकं पडली, आणि पेट्रोल कित्येक वर्षं गुपचूप खाली झिरपत राहिलं. ते जमिनीतल्या पाण्यात मिसळलं. आता पंपापासून उताराने गल्लीच्या टोकापर्यंत सात ठिकाणी जमिनीत नळ्या उतरवल्यात. महिन्यातून एकदा प्रत्येक नळीतलं पाणी बाटल्यांत भरायचं आणि तपासायला पाठवायचं. झालं काम. एवढ्यासाठी माणूस मागवतात!

आम्ही तिघं. मॅडम जमिनीच्या पोटातलं शिकलेल्या, पंपाच्या जुन्या केबिनमध्ये टेबल टाकून बसतात. मामा गाडी चालवतात. बाटल्याही आतापर्यंत तेच भरायचे, पण त्यांचे गुडघे गेले, उकिडवं बसवत नाही, म्हणून मला आणलं. मामांनी पहिल्याच दिवशी माझं नाव भिंगरी ठेवलं. एका चहात मी तीनदा जागा बदलली म्हणे.

दोन महिने काढीन. माझा दोस्त रंगारी दोरीवर लटकून उंच इमारती रंगवतो. त्याच्याकडे जागा झाली की मी निघालो.

१४ फेब्रुवारी

पहिल्यांदा बाटल्या भरल्या. वाटलं तेवढं सोपं नाही.

नळीत एक लांब नळकांडं सोडायचं. त्याच्या तळाला गोळी असते. पाण्यात शिरताना ती वर उचलली जाते, ओढून घेताना खाली बसते आणि पाणी आत अडकतं. आधी बरंच शिळं पाणी काढून टाकायचं, मग खरं पाणी घ्यायचं. बाटली बोटाएवढी, काचेची. काठोकाठ भरायची, इतकी की पाणी तोंडावर फुगून उभं राहील. मग झाकण लावायचं, उलटी करायची, नखाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची.

मॅडम म्हणाल्या, "सावकाश. पाणी काचेला लागून ओघळलं पाहिजे. यातलं पेट्रोल भारी उडाणटप्पू असतं, तुझ्यासारखं. फट दिसली की पसार."

मामा एका बाटलीला इतका वेळ लावायचे की तेवढ्यात माणसाची दाढी वाढेल. मी सटासट भरतो. हात जरा वर धरला की धार सुरेख पडते, आणि पंपावर येतो तसा वास सुटतो. मला तो लहानपणापासून आवडतो. एक नंबरची नळी टाकीला चिकटून आहे, तिथे तर नाकाची चैनच. शेवटी वरून थोडं पाणी घालून काठोकाठ करायचं. माझ्या एकाही बाटलीत बुडबुडा नाही. मामा बघतच राहिले.

सात नंबरची नळी एका इस्त्रीवाल्या काकूंच्या परसात आहे. त्यांची विहीर तिथून चार पावलांवर. विहिरीवर लोखंडी झाकण, त्यावर लाल फुली. काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आलास का रे पाणचोरा? माझं पाणी मला मना आणि तू बाटल्या भरभरून नेतोस!"

२ मार्च

आज केबिनमध्ये बसून राहावं लागलं, म्हणून मॅडमना विचारलं, की नुसतं मोजत काय बसायचं, पंप लावून सगळं घाण पाणी उपसून का टाकत नाहीत?

त्या म्हणाल्या, "उपसता येतं. पण त्यासाठी गल्ली खणावी लागेल आणि काकूंची मागची खोली पाडावी लागेल. त्याआधी बघायचं, की जमीन स्वतः साफ करते का, आणि किती वर्षांत."

"जमीन कशी साफ करेल?"

मग जे सांगितलं ते अजून डोक्यात भिरभिरतंय. मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात आणि ते पेट्रोल खातात! खाताना आपल्यासारखाच त्यांना श्वास लागतो. आधी पाण्यात विरघळलेली हवा वापरतात. ती संपली की मातीतल्या दुसऱ्या गोष्टींवर भागवतात. गंजासारखं लोखंड असतं, तेही त्यांना चालतं. शेवटी अशा गोष्टीवर येतात की पाण्याला सडक्या अंड्याचा वास मारतो. म्हणजे घाण वास आला तर खूश व्हायचं, खाली कुणीतरी जेवतंय.

मी म्हटलं, "मग अडलंय कुठे? जेवू द्या."

"किती भूक आहे ते माहीत नाही ना. तेच मोजतोय."

दिवसभर पायाखाली बघून चालत होतो. मामा म्हणाले, "काय हरवलं रे?"

१० मार्च

माझ्या बाटल्यांचे आकडे आले. मामांच्या वेळचे आकडे महिनोन्‌महिने अगदी हळू उतरत होते. माझा पहिलाच आकडा धाडकन खाली. मॅडमनी तीनदा वाचला. "असं कधीकधी होतं," म्हणाल्या, पण चेहरा खुलला होता.

मी म्हटलं, "पायगुण."

मामा म्हणाले, "पायगुण कसला. खालच्या जिवांनी तुझी बडबड ऐकली आणि घाईघाईने जेवून उठले."

६ एप्रिल

रंगाऱ्याचा फोन. पुढच्या महिन्यात जागा होतेय म्हणतो. मी म्हटलं कळवतो.

आज पाच नंबरला सडक्या अंड्याचा वास आला! मी इतका जोरात ओरडलो की मामा गाडीतून लंगडत पळत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मॅडमनी वाकून हुंगलं आणि हसल्या. रस्त्याने एक बाई नाकाला रुमाल लावून चालली होती. तिला काय वाटलं असेल, तीन माणसं एका भोकाभोवती उभी राहून असल्या वासाने खूश होतायत.

१९ एप्रिल

काकूंकडे चहा. आता गल्लीत गेलो की चहा ठरलेलाच.

त्यांची गोष्ट कळली. घर त्यांचं, नवऱ्यामागे त्यांनीच चालवलं. विहिरीचं पाणी मऊ, कपडे असे पांढरे व्हायचे की लांबून लोक यायचे. विहीर बंद झाली तेव्हापासून नळाचं पाणी. त्याने पांढऱ्या कपड्यावर पिवळट ओघळ राहतात. धुण्याची गिऱ्हाइकं गेली, इस्त्रीची तेवढी उरली. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. तो म्हणतो, घर विक, माझ्याकडे ये, खोली तयार आहे. जुलैच्या शेवटी येऊन काय ते नक्की करणार आहे.

"मी त्याला म्हटलं, आधी पाणीवाल्यांना बोलू दे. माझ्या हयातीत विहीर उघडणार असेल तर मी कुठे जात नाही. नसेल तर मग काय, बांधते बोचकं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू रोज त्या बाईंजवळ बसतोस. काय म्हणतात त्या? उघडेल माझ्या हयातीत?"

मी म्हटलं, आकडे उतरतायत काकू. त्यांनी मला अजून एक कप चहा दिला.

८ मे

मॅडमनी रेघ दाखवली. कागदावर महिन्यामहिन्याला एक ठिपका, प्रत्येक ठिपका म्हणजे पाण्यात किती पेट्रोल आहे ते. ठिपक्यांमधून रेघ ओढायची आणि पुढे वाढवायची. ती खालच्या हिरव्या खुणेला जिथे टेकेल, त्या वर्षी पाणी पिण्याजोगं. मॅडम त्या हिरव्या खुणेला जमीन म्हणतात. मामांच्या काळात रेघ उताणी पडल्यासारखी होती. माझे ठिपके आल्यापासून घसरगुंडी झालीय.

मी विचारलं, "कधी टेकेल?"

"असंच चाललं तर चार-पाच वर्षं. पण हा अंदाज आहे, तारीख नाही."

एक गोष्ट समजली नाही ती विचारली. मॅडम म्हणाल्या होत्या की अर्धं पेट्रोल जेवढ्या वेळात जातं, उरलेल्याचं अर्धं जायलाही तेवढाच वेळ लागतो. मग उरलेल्याच्या उरलेल्याचं अर्धं. म्हटलं, मॅडम, असं बिस्किट खाल्लं तर ते जन्मात संपायचं नाही!

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. संपत नाहीच. पिण्याजोगं होतं, एवढंच."

हे मला का कोण जाणे फार आवडलं.

संध्याकाळी काकूंना सांगून टाकलं. चार वर्षं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, इस्त्रीचा धूर गेला डोळ्यात.

२७ मे

काकूंनी नवी दोरी आणलीय, विहिरीसाठी. चांगली जाड, पिवळी. म्हटलं, काकू, चार वर्षं आहेत अजून! तर म्हणतात, "चार वर्षं म्हणजे काय रे, झालंच म्हणायचं. शेवटी शेवटी उरतंच किती?"

रंगाऱ्याची जागा दुसऱ्या कुणालातरी गेली. मी कळवायचंच विसरलो.

१२ जून

ताप. बाटल्या भरायचा दिवस नेमका आजचा. अंथरुणातून उठवेना. शेवटी मामाच गेले, गुडघ्याखाली उशी घेऊन. जाताना म्हणाले, "भिंगरी थांबली म्हणजे खरंच आजारी आहे बरं का."

१८ जून

बरा आहे. काकूंकडे जाऊन आलो. परसात चादरी वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपतील अशा. नळाचं पाणी सुधारलेलं दिसतंय. तसं म्हटलं तर काकू म्हणाल्या, "हो रे, असेल," आणि आत गेल्या. त्यांच्या हातांवर लाल चट्टे उठलेत. साबण बदला म्हटलं.

२४ जून

मामांनी भरलेल्या बाटल्यांचे आकडे आले. सगळे वर! एक नंबर तर पार जुन्या जागी जाऊन बसलाय. रेघ घसरगुंडीवरून उलटी चढली.

मी मामांना म्हटलं, "एक दिवस तुमच्या हातात दिलं तर चार महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीत."

"पाण्यातच घालायची होती ना," मामा म्हणाले. पण तोंड उतरलं त्यांचं. हात थरथरतात आताशा, म्हणाले, झालं असेल काहीतरी. मला वाईट वाटलं, पण खरं ते खरं. म्हाताऱ्या माणसाला उकिडवं बसवून असली नाजूक कामं करायला लावू नयेत.

मॅडम जुने कागद काढून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोघांनी शेजारी शेजारी बसून भरायचं. एकाच नळीचं पाणी."

मला पटलं. एकदाचा निकाल लागेल.

१० जुलै

एक नंबरजवळ दोघं बसलो. मामांना पालथ्या बादलीवर बसवलं. एका नळकांड्यातलं अर्धं पाणी त्यांनी घ्यायचं, अर्धं मी.

आधी मामा. त्यांनी बाटली तिरकी धरली, नळकांड्याचं टोक तिच्या तोंडाला अगदी टेकवलं आणि पाणी सोडलं. धार दिसेचना. काचेवरून तेलासारखं ओघळत होतं, आवाज नाही. हात थरथरत होता, पण टोक काचेवरून हललं नाही. मी कंटाळून नाक वर केलं. एक नंबरला बसलोय आणि नाकाला काहीच नाही, म्हटलं सर्दी झाली की काय.

मग माझी पाळी. हात नेहमीसारखा वर, धार खळखळ, आणि वास आला. मस्त, भरपूर, नेहमीसारखा.

माझा हात तिथेच राहिला.

मामांच्या बाटलीला वास नव्हता, म्हणजे पेट्रोल बाटलीत होतं. माझ्या वेळी ते माझ्या नाकात होतं. फेब्रुवारीपासून जे मी हुंगतोय ते पाण्यातून उडालेलं पेट्रोलच! जे उरलं ते बाटलीत बंद करून, टिचक्या मारून, बुडबुडा नाही म्हणून मिरवत होतो.

खालचे जीव घाईने जेवले नव्हते. त्यांच्या ताटातलं मीच उडवत होतो.

मामांनी विचारलं, "काय रे, पाणी सांडलं?" मी म्हटलं, काही नाही.

त्याच दिवशी, नंतर

दुपारभर विचार केला, की पुढच्या महिन्यापासून हात खाली धरावा आणि गप्प बसावं. आकडे वर येतील, दोष मामांच्या थरथरत्या हातावर जाईल, ते काही बोलणार नाहीत. जमलं असतं. पण चादरी आठवल्या.

नळाचं पाणी कधी सुधारतं का? एकट्या काकूंच्याच घरचं?

गाडीची वाट न बघता पळत केबिनवर गेलो. मॅडमना आधी बाटलीचं सांगितलं, मग काकूंचं. बाटलीच्या वेळी त्या नुसत्या ऐकत होत्या. काकूंचं ऐकताच उठल्या, छत्री टेबलावरच राहिली.

आम्ही पोचलो तर विहिरीचं झाकण हातभर सरकवलेलं, पिवळी दोरी आत. काकू बादली ओढत होत्या. आम्हाला बघून दोरी हातातून सुटली. बादली खाली आपटल्याचा आवाज बराच उशिरा आला, विहीर खोल आहे.

"प्यायले नाही हो," त्या आधीच म्हणाल्या. "फक्त पांढऱ्या कपड्यांना. हा म्हणाला होता, झालंच आहे."

मी म्हणालो नव्हतो तसं. पण तसंच म्हणालो होतो.

मॅडमनी त्यांचे हात धरून चट्टे बघितले, उद्याच डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. मामाही गाडी घेऊन पोचले, मग आम्ही दोघांनी झाकण परत जागेवर बसवलं. मामांनी गाडीतून बोल्ट आणून आवळले. पाना फिरत होता तेवढा आवाज.

११ जुलै

मॅडमना विचारलं, "मला काढणार का?"

"काढून काय करू? परत कुणालातरी शिकवत बसू, ज्याला वास आवडेल?" मग म्हणाल्या, "चूक एकट्याची नाही. पहिल्याच आकड्याला मी तुझ्याशेजारी येऊन बसायला हवं होतं. पण मलाही तो आवडला. आवडलेला आकडा तपासायचा माणूस कंटाळा करतो."

माझे ठिपके त्यांनी एकेक करून खोडले. मामांचे ठेवले. नवी रेघ ओढली. ती पुन्हा उताणी झाली, पण सपाट नाही, उतरतेय. सडकं अंडं खरं होतं, पाण्यात उतरलेलं लोखंडही खरं. जीव जेवतायत, त्यांच्या चालीने. कागद पुरला नाही. मॅडमनी दुसरा जोडला, मग तिसरा. रेघ जमिनीला टेकली तेव्हा तिसऱ्या कागदाच्या मध्यावर होती. वीस-बावीस वर्षं.

"म्हणजे गल्ली खणायची?"

"नाही. पसरत नाहीये ना, जागच्या जागी कमी होतंय. खणायचं नाही. बघत राहायचं."

मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे रे. पण मला म्हातारा म्हणालास ते लक्षात ठेवलंय." मी तोंडाने म्हटलंच नव्हतं! बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असणार.

१४ जुलै

काकूंना सांगायला मॅडम येणार होत्या. मी म्हटलं, मी सांगतो. चार मी म्हणालो होतो, तर वीसही मीच म्हणायला पाहिजे.

काकू इस्त्री करत होत्या. हातांना मलम लावलेलं, चट्टे बरेच उतरलेत. मी दारातच सांगून टाकलं, हात वर धरून केलेली चूकही. वीस-बावीस.

इस्त्री कपड्यावर फिरत राहिली. मग उभी करून ठेवली.

"वीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या हयातीत नाही."

"तुम्ही शंभरी गाठली तर..."

"गप रे. तोंडदेखलं बोलू नकोस, त्यानेच घोळ झाला."

त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली, घडी घातली, दुसरा शर्ट घेतला. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "चार म्हणालास ना, तेव्हापासून मला सुख नव्हतं. रोज उठून झाकणाकडे बघायचं. कधी, कधी, कधी. शेवटी मीच उघडलं. वीस म्हटल्यावर सुटले बघ. आता वाट बघायची भानगडच नाही."

"म्हणजे मुलाकडे जाणार?"

"का जाऊ?" त्या एकदम चिडल्या. "विहिरीसाठी राहत होते का मी इथे? मलाही तसंच वाटत होतं. पण आज तू वीस म्हणालास आणि पोटात काही हललं नाही. मग कळलं. येऊ दे त्याला. म्हणावं, इस्त्रीला नळाचं पाणी चालतं, आणि मलाही."

मी निघालो तर हाक मारली. "ही दोरी फुकट जाईल. बांध इथून तिथपर्यंत. घरच्या चादरी वाळत घालीन."

मी विहिरीच्या झाकणावर उभा राहून पिवळी दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधली. खालून सूचना चालू होत्या, "अजून वर. अरे वर धर हात! नको तिथे वर धरतोस आणि पाहिजे तिथे नाही."

९ ऑगस्ट

सात नंबर भरला. टोक काचेला टेकवून, हात खाली. एका बाटलीला एवढा वेळ लागला की काकूंनी दोनदा चहा गरम केला. नाकाला काही नाही. मामा भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "दाढी वाढली रे तुझी."

बाटली उन्हात धरून बघितली. स्वच्छ पाणी. आत काय काय आहे आणि त्यातलं कोण काय खातंय, कुणाला कळणार? मॅडमना विचारलं, ते जीव मोठं करून दाखवणाऱ्या काचेखाली दिसतात का. पुढच्या आठवड्यात दाखवते म्हणाल्या.

संध्याकाळी रंगाऱ्याचा फोन आला. नवी इमारत, अठरा मजले, माझ्यासाठी दोरी राखून ठेवलीय म्हणे. मी म्हटलं, इथलं झालं की येतो.

"कधी होईल तिथलं?"

"अंदाज सांगतो, तारीख नाही."

"बरं, अंदाज सांग."

"वीस-बावीस वर्षं."

त्याने फोन ठेवला.